लाडकूबायचे गुडघे

"आमच्या पाण्याचा तुम्हाला काही त्रास आहे का, मावशी?" वीजकेंद्राच्या अधिकाऱ्यांनी माईक लाडकूबायच्या तोंडाशी धरला.

जनसुनावणी सुरू होती. केंद्राने समुद्रात सोडलेल्या गरम पाण्यामुळे खडकांवरची कालवं मेली, अशी गावाची तक्रार होती. गावाच्या बाजूने पाण्याच्या तापमानाचे आलेख मी नुकतेच दाखवले होते आणि अर्धा मंडप पेंगत होता.

"त्रास कसला? माझे गुडघे बरे झाले."

मंडप जागा झाला. "आई, काय बोलताय हे!" सून मागून ओरडली. अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. "गरम पाण्याचा गुण! मावशी, पुन्हा एकदा सांगा, मोठ्याने. पत्रकारांना ऐकू जाऊ दे."

लाडकूबाय मोठ्याने बोलली. "चाळीस वर्षं ओहोटीला खडकावर उकिडवी बसून कालवं काढली. गुडघे कामातून गेले होते. आता काढायला कालवंच नाय. माझी टोपली घरी उपडी, सुनेची पण उपडी. दोघी दिवसभर बसून असतो. मग गुडघे बरे होणारच."

अधिकाऱ्यांनी माईक मागे घेतला. तिने त्यांचं मनगट धरून तो परत तोंडाशी आणला.

"थांबा, साहेब. कंबरेचं सांगायचं राहिलं."