बाबांचं इंजिन

"हे घोरतात का?" माझ्या हार्ट अटॅकनंतर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बायकोला विचारलं. तिने हसतच मोबाइल पुढे केला. मला वगळून काढलेल्या घरच्या ग्रुपवर व्हिडिओ होता, ‘बाबांचं इंजिन’.

त्यात रविवारी जेवून मी आडवा झालो होतो. घोरता घोरता श्वासच थांबला. लगेच बायको, लेक, जावई कुजबुजत पैजा लावून आकडे मोजू लागले. सव्विसाव्या आकड्याला मी धडपडून श्वास घेतला, तशी लेक खिदळली, "आई जिंकली."

डॉक्टर हसले नाहीत. "झोपेत असा श्वास अडकला की ऑक्सिजन उतरतो, हृदयावर ताण येतो. कधीपासून चाललंय?"

"चारेक वर्षं झाली," बायको पुटपुटली आणि माझा हात धरायला आली.

मी हात पांघरुणात घेतला. "नसतंच सुरू झालं इंजिन, तर कितीपर्यंत मोजणार होतात?"