जोडीतला एक

"दोन नकोत. एकच द्या, पांढरा," मंगल कार्यालयाचे मालक धुमाळ म्हणाले. "नवरा-नवरीला त्याच्यासोबत फोटो काढता येईल."

शर्वाणीचं कृषी पर्यटन केंद्र बंद होत होतं आणि तिला उंटासारख्या लांब मानेच्या, लोकरीच्या दोन्ही अल्पाकांसाठी एकत्र घर हवं होतं. "धुमाळकाका, हा कळपातला प्राणी. एकटा झुरतो."

"एकटा कुठे, ताई? दर मुहूर्ताला आठशे माणसं!"

"आजारी पडला तर?"

"प्रत्येक पंगतीत दोन-तीन डॉक्टर असतातच."

धुमाळांनी पांढऱ्याच्या गळ्यात दोर अडकवला. तपकिरी बारीक आवाजात कण्हू लागला. "याला काही खोड?" पांढऱ्याकडे बघत धुमाळांनी विचारलं.

जनावर विकताना शर्वाणी कधी खोटं बोलली नव्हती.

"थुंकतो," ती म्हणाली. "हार घातलेला माणूस दिसला, की नेम धरून."

धुमाळांनी दोर टाकला. "नको रे बाबा! त्यासाठी वरपक्ष आहे आमच्याकडे."

जन्मात कुणावर न थुंकलेला पांढरा तपकिरीला जाऊन चिकटला.