एकेकट्या बुटांचा कप्पा

"वस्तू कोणती?" कप्पेबुवांनी विचारलं.

"तेच तर माहीत नाही," म्हातारबाई म्हणाल्या.

बसडेपोच्या हरवल्या-सापडल्याच्या खोलीत असलं उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं. लोक छत्री, डबा, चष्मा असं ठणकावून सांगायचे, आणि बुवा तिथल्या तिथे काढून द्यायचे. कंडक्टर मंडळी या कारकुनाला कप्पेबुवा म्हणून चिडवायची, आणि गृहस्थ चिडायचं सोडून खूश व्हायचे.

खूश का होऊ नये? आधीच्या कारकुनाने प्रत्येक दिवसाचं सामान एकेका पोत्यात कोंबून ठेवलं होतं. एका छत्रीसाठी सगळी पोती उपसत बसा. बुवांनी गेल्याच आठवड्यात ती सगळी रिकामी केली, तारखांच्या चिठ्ठ्या फाडून फेकल्या आणि छत्र्यांत छत्र्या, चष्म्यांत चष्मे अशी झकास वर्गवारी लावली.

बाईंनी खुर्चीत टेकून सांगितलं ते एवढंच, की गेल्या महिन्यात यजमान संध्याकाळच्या बसने घरी आले, "बसमध्ये विसरलो बघ" म्हणाले आणि पाणी मागितलं. त्या पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

"काय विसरले, ते मेलं विचारायचंच राहिलं," बाई म्हणाल्या. "त्यांचं शेवटचं बोलणं अर्धंच राहिलंय हो. तेवढं पुरं करून द्या."

'तारीख सांगा' म्हणायला बुवांनी तोंड उघडलं आणि जीभ चावली. त्या दिवसाचं पोतं असतं तर आत्ता समोर उपडं केलं असतं. मोठे आले वर्गवारी लावणारे! त्यांना मनापासून लाज वाटली. चूक आपली आहे, असं त्यांनी बाईंना सरळ सांगून टाकलं आणि पुरुषांच्या वस्तूंचे ट्रे एकेक करून आणायला सुरुवात केली.

चष्मे झाले. पण यजमानांचा चष्मा तर नाकावरच होता. टोप्यांकडे बाईंनी बघितलंही नाही. टोपी घातली की म्हणे त्यांचं डोकं ठणकायचं. पाकिटं, काठ्या, मफलर. प्रत्येक ट्रेबरोबर यजमानांची एकेक खोड कळत गेली आणि बुवांना ते गृहस्थ चांगलेच आवडायला लागले. वस्तू मात्र सापडेना.

बायकांच्या वस्तूही बघून झाल्या. राहता राहिला जोडीदार नसलेल्या बुटांचा कप्पा. एकच बूट कोण कशाला नेईल, असं म्हणत बुवा तो टाळणारच होते. पण बाई म्हणाल्या, आणा तर खरं.

त्यांनी ढिगातून एक तपकिरी बूट उचलला. बायकी, डावा, कोरा करकरीत. मग बराच वेळ चाचपून एक उजवा काढला. तेच चामडं, तीच बक्कल.

"त्यांची जोडी नाही लागत, बाई," बुवा म्हणाले. "मी तळव्याला तळवा लावून बघितलाय. डावा चांगला बोटभर मोठा आहे."

बाईंनी आपले बूट काढले. डावा पाय कधीकाळच्या दुखण्याने कायमचा सुजलेला, उजवा काडीसारखा. दुकानातून डाव्याच्या मापाचे बूट आणायचे आणि उजव्यात कापूस कोंबायचा, असंच वर्षानुवर्षं चाललं होतं, त्या हळूच म्हणाल्या. कापूस भरायचं काम यजमानांचं. एवढं बोलून त्यांनी नव्या बुटांत पाय घातले. दोन्ही अगदी मापात बसले.

"बनवून घेतले होय! आणि मला पत्ता लागू दिला नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांना रडू फुटलं, आणि रडता रडता हसूही आलं.

काहीतरी करायला हवं म्हणून बुवा जुने बूट पिशवीत भरायला लागले. उजव्यातला कापूस खाली पडला. कळकट, पायाच्या आकाराचा दाबून बसलेला बोळा. बुवांनी कचऱ्याची टोपली पुढे सरकवली.

"नको," बाई वाकल्या आणि त्यांनी बोळा मुठीत धरला. "हा त्यांनी भरलेला आहे."

बुवांनी टोपली मागे ओढून घेतली.