जीवदया

रिसोडचे कापड व्यापारी पदमचंदजी पाणीसुद्धा गाळूनच पितात. न जाणो, एखादा जीव दुखावायचा. परवा त्यांची थोरली सून चंदना म्हणाली, “बाबूजी, बैठकीत एक पार्टिशन टाकून द्या ना. मले परीक्षेचा अभ्यास कराचा आहे, पण या गर्दीत एक पान वाचून होत नाही.”

पदमचंदजी उखडलेच. “घरात आडभिंत आली की घर फुटते!”

काल धाकटा अर्हम पुण्याच्या प्रयोगशाळेतून सुट्टीवर आला. दिवस मावळायच्या आत सगळे जेवायला बसले, तेव्हा तो आपलं संशोधन सांगू लागला. “बॅक्टेरियाच्या पेशीत खोल्याच नसतात, बाबूजी. सगळे एन्झाइम एकाच जागी दाटीनं काम करतात अन् एकाच्या कामात दुसरा लुडबुड करते. म्हणून मी आतमधी पातळ पडद्याचे कप्पे करून देल्ले. आता ज्याचं त्याचं काम नीट होते, अन् औषध बी भरपूर बनते.”

पदमचंदजींचे डोळे भरून आले. “एवढ्याशा जिवाचा बी किती विचार केला माह्या पोरानं!”

त्यांच्या ताटात फुलका वाढत चंदना म्हणाली,


“बाबूजी, मले बी बॅक्टेरियाच समजा ना.”