आरशातली जोडी

हंगाम संपला की दोघी बहिणींनी मिळूनच बॅले कंपनी सोडायची, असं ठरलं होतं. थोरलीने राजीनामा देऊन टाकला. धाकटीने मात्र तिला पत्ता लागू न देता तिचीच प्रमुख भूमिका पदरात पाडून घेतली.

"ताई, रागावू नकोस ना गं," सरावाच्या खोलीत धाकटी म्हणाली.

बॅग खांद्याला अडकवून थोरली निघाली, पण दारात पोचल्यावर तिला राहवलं नाही. तिने वळून पाहिलं.

धाकटी आरशासमोरचा सरावाचा आडवा दांडा धरून एकटीच सराव करत होती. भिंतभर आरशात मात्र तिच्या शेजारी थोरलीही होती, नाचाच्या पोशाखात, तिच्याच तालात पाय उचलत.

"गेली का ती?" धाकटीने आरशाकडे बघत हळूच विचारलं.

आरशातल्या थोरलीने दारातल्या थोरलीकडे रोखून पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.