डाव्या हाताचा पीळ

सूत पुन्हा उकलले. नणंदेने क्रोशाची सुई शालीत तशीच अडकवली आणि सुटलेला धागा खिडकीच्या उजेडात धरला. पीळ निघून गेला होता. बोटांत उरला होता तो लोकरीचा नुसता मऊ पुंजका.

"वहिनी, अगं दोन-चार टाके घातले की हे सूत आपलं परत मेंढीवर जायला निघतं!"

सून ओशाळून हसली. तिच्या डाव्या हातातली टकळी गिरकी घेता घेता थांबली.

शाल नणंदेच्या होणाऱ्या बाळाची होती. या घरात जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाची पहिली शाल घरीच कातलेल्या लोकरीची असे, आणि ती सासूबाई करीत. यंदाची अर्ध्यावर आली असताना आजारपणात त्यांचा उजवा हात गेला. त्या हाताने एखादी वस्तू दाबून धरता येई, एवढेच; बोटे ऐकत नव्हती. उरलेली शाल विणायला लेक बसली. कातण्याचा धीर तिच्यात कधीच नव्हता. ते सुनेने अंगावर घेतले. सासूबाईंनी तिला तोंडी शिकवले. "ओढू नकोस गं तिला. लोकर आपणहून येते, फक्त वाट दे." एवढे सांगून त्या समोरच्या खुर्चीत बसत आणि सुनेच्या हाताकडे पाहत राहत.

हे पाहणे सुनेला जड जाई. ती भाजी चिरायला घेई, शर्टाला बटण लावी, स्वतःसाठी क्रोशाची टोपी विणायला बसे. सासूबाईंची नजर तिच्या डाव्या हातावर खिळलेली असे. बोलत मात्र काही नसत. हल्ली सून त्यांच्याकडे पाठ करूनच चिरायला बसे.

नणंदेने आता आईच्या जुन्या सुताचा तुकडा आणला आणि वहिनीच्या सुताशेजारी ठेवला. एकाच्या पिळाच्या रेघा उजवीकडे कलत होत्या, दुसऱ्याच्या डावीकडे.

"हे बघ! तू टकळी डाव्या हाताने फिरवतेस, म्हणून तुझा पीळ उलटा पडतो. मी विणताना तो सुटत जातो."

"पण ताई, माझी टोपी याच सुताची आहे. ती कुठे उकलली?"

"कारण विणतेसही डाव्या हातानेच."

"म्हणजे सुतालाही आपलं माणूस कळतं," सासरे वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"बाबा, तुम्ही वाचा बरं!" नणंद म्हणाली.

"मग उरलेली शाल मीच विणू का?" सुनेने विचारले.

"मधूनच? माझी ओळ उजवीकडून डावीकडे जाते, तुझी डावीकडून उजवीकडे. शालीला ठिगळ लावल्यासारखं दिसेल. त्यापेक्षा तू उजव्या हाताने कातायला शीक."

सुनेने चोरून सासूबाईंकडे पाहिले. ज्यांना नुसते बोट फिरवून सुताचा पीळ कळे, त्यांना हे पहिल्या दिवशीच कळले असणार. तरी त्या गप्प राहिल्या होत्या. आपला डावा हातच त्यांना खुपतो, असे सून मनाशी समजली. दुसऱ्या सकाळी तिने टकळी उजव्या हातात घेतली.

उजव्या हाताला काही येईना. सूत कुठे दोरीसारखे जाड होई, कुठे तुटे, आणि टकळी फरशीवर आपटे. "खालच्या मजल्यावरचे दार उघडून बघतायत, कोण आलंय ते," सासरे म्हणत. सून दात आवळून पुन्हा लोकर जोडी. हळूहळू अंगठ्याला गिरकी सापडली. अखेर एका दुपारी तिने नणंदेपुढे एक गुंडा ठेवला. नणंदेने एक ओळ विणली, ओढून पाहिली, दुसरी विणली. सूत जागचे हलले नाही.

"जिंकलीस, वहिनी! आता पंधरवड्यात शाल होते बघ."

सून सासूबाईंकडे वळली. निदान आज तरी एखादा बरा शब्द मिळेल, असे तिला वाटले होते. सासूबाईंचा चेहरा पार उतरला होता.

"शाल इकडे आण," त्या म्हणाल्या.

सुनेने शाल त्यांच्या मांडीवर ठेवली. सासूबाईंनी निकामी उजवा हात शालीवर दाबला, डाव्या हाताने सुई काढून बाजूला ठेवली, धाग्याचे टोक शोधले आणि ओढले. लेकीने विणलेल्या ओळी सरसर सुटल्या. मग त्यांच्या स्वतःच्या सुटू लागल्या.

"आई! काय करतेस? तुझ्या हातचं आहे गं ते!"

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. कुणाला हात पुढे करवेना. शाल लहान होत होती आणि धाग्याचा ढीग पायाशी वाढत होता.

सुनेचे डोळे भरून आले. "आई, माझं सूत एवढं नको असेल, तर सरळ सांगा. मी पुन्हा टकळीला हात लावणार नाही. तुमच्यासाठी हातसुद्धा बदलला मी."

सासूबाई थांबल्या. आजवर कितीजणी त्यांच्या पायाशी बसून कातणे-विणणे शिकून गेल्या होत्या. कुणाकडे काही मागायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. त्यांनी बाजूला ठेवलेली सुई उचलली, डाव्या हातात अवघडून धरली आणि मान खाली घालून म्हणाल्या,

"शाल पहिल्या टाक्यापासून डाव्या हाताने, तुझ्या डाव्या सुताची विणायचीय मला. तूच हात बदललास, तर मी आता कुणाचं बघून शिकू?"