पंचवीसच्या आत

"आरसी बुक?" हवालदार घोरपडेंनी चौथ्यांदा विचारलं.

"साहेब, माझी गाडी ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर जात नाही. कायद्यानं सायकल आहे. सायकलला कुठलं आलंय आरसी बुक?" वैजयंताने चौथ्यांदा सांगितलं.

उचलून आणलेल्या गाड्यांच्या आवारात, हवालदारांच्या पाठीमागेच तिची ई-बाईक उभी होती. सीटवर तिने स्वतः विणलेलं गुलाबी कव्हर. या बाईकवरून वैजयंता घरोघरी रक्ताचे नमुने गोळा करायची. आज बाईक सुटली नाही, तर लॅबवाला उद्या दुसरी बाई ठेवणार होता.

"कायदा मला शिकवता? मोपेड असेल तर कागद दाखवा. सायकल असेल तर विषयच मिटला, आम्ही सायकली उचलत नाही. म्हणजे तुमची सायकल इथं नाहीच."

"मग ही काय?"

"मला काही दिसत नाही."

"तसं लिहून द्या."

घोरपडेंनी तोऱ्यात लिहून दिलं, वर शिक्काही हाणला. वैजयंताने कागद पर्समध्ये ठेवला, शांतपणे बाईकवर बसली आणि फाटकातून बाहेर पडली.

"ए बाई! थांब!" घोरपडे धावत सुटले. तिने मूठ पार पिळली, पण गाडी पंचवीसच्या पुढे जाईना. पुलाच्या चढावर तर ती बारावर आली आणि पोट सांभाळत घोरपडेंनी मागून कॅरियर पकडलंच.

"पळत गाठली की मी!" ते धापा टाकत म्हणाले. "ही कसली डोंबलाची मोपेड? सायकलच आहे ही!"

वैजयंताने पेन पुढे केलं.

"हेही लिहून द्या."